काट्यावरची पावती

मोबाइलवर मसुदा आला तेव्हा मी एका बैलाच्या खांद्याला लेप लावत होतो. २०२२ चा नोव्हेंबर सरत आला होता. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला बैलगाड्यांचा अड्डा आहे, तिथे रात्री कंदिलाच्या उजेडात बसलो होतो. मसुदा भाचीने पाठवला होता. ती तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, ७ डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्यात. तुम्ही लिहायलाच पाहिजे."

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा बदलायचा होता. त्या दुरुस्तीचा हा केंद्र सरकारचा मसुदा. हात चिकट झाले होते, म्हणून फोन तसाच खिशात ठेवला आणि बैलाकडे वळलो. पण त्या रात्री झोप आली नाही. चौदा वर्षांपूर्वीचं एक प्रमाणपत्र आठवत राहिलं.

मी पशुवैद्यक. पशुसंवर्धन खात्यात चौतीस वर्षं काढून २०१९ मध्ये निवृत्त झालो. नोकरीत असल्यापासून हंगामात आठवड्यातले दोन दिवस अड्ड्यावर जायचं, बैलांचे खांदे, खूर आणि शिंगं बघायची, हा शिरस्ता आहे आणि तो निवृत्तीनंतरही सोडला नाही. त्या वर्षी लम्पीची साथ होती. सप्टेंबरपासून जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचायची मोहीम गावोगाव चालू होती. ऊसतोडीला येणाऱ्या बैलांना लस दिली आहे की नाही हे बघायला मी आपणहून रोज जात होतो. त्यामुळे त्या हंगामात अड्ड्यावरचा बहुतेक प्रत्येक बैल माझ्या हाताखालून गेला.

ज्यांनी बैल जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी खांद्याबद्दल थोडं सांगतो. गाडीचं सगळं ओझं बैल मानेवरच्या वीतभर जागेवर घेतो. दोनचाकी गाडी पुढे जड भरली की जू खाली दाबतं, मागे जड भरली की वर उचलून गळ्याला फास लावतं. आधी त्या जागेवरचे केस जातात. मग कातडी गरम लागते, सूज येते, हात लावला की बैल मान काढून घेतो. याला खांदा आला म्हणतात. तेव्हाच जू उतरवलं आणि पंधरा दिवस विश्रांती दिली तर खांदा बसतो. नाही दिली तर आत पाणी धरतं, पू होतो आणि खांदा फुटतो. फुटलेल्या खांद्यावर परत जू ठेवताना बैल आवाज करत नाही. डोळे मिटून घेतो. एवढी वर्षं बघूनही मला ते सवयीचं झालेलं नाही.

आमच्याकडे बेंदराला आणि मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून चोळतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून निमंत्रण देतात. हे करणारी माणसं आणि हंगामात फुटलेल्या खांद्यावर जू ठेवणारी माणसं वेगळी नाहीत. ही गोष्ट समजायला मला फार उशीर लागला. ते प्रमाणपत्र मी लिहिलं ते समजायच्या आधी.

२००८ च्या जानेवारीत तालुक्याच्या गावातल्या काही तरुणांनी रस्त्यात एक गाडी अडवली. डावीकडच्या बैलाचा खांदा फुटला होता, वर माश्या बसल्या होत्या. तक्रार झाली. तपासणीसाठी बैल माझ्याकडे आला. जखम, सूज, लंगडणं जे दिसलं ते मी लिहिलं आणि शेवटी 'कामास अयोग्य' असा शेरा मारून सही केली. आजही तोच शेरा मारीन, कारण तो खरा होता. कोर्टात गाडीवानाने गुन्हा कबूल केला. दंड झाला पन्नास रुपये. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपयेच होते. तक्रार करणारे तरुण बाहेर येऊन हळहळले, एवढाच का दंड म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

पण बैल एकोणीस दिवस पांजरपोळात, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेत होता. त्याच्या वैरणीचा आणि औषधाचा खर्च मालकाने द्यायचा, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. जोडीतला दुसरा बैल एकोणीस दिवस अड्ड्यावर बांधून होता. एका बैलाची गाडी चालत नाही आणि गाडी चालली नाही तर मुकादमाची, म्हणजे तोडणीला मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटत नाही. गाडीवानाने मुकादमाकडून आणखी पैसे घेतले आणि बाजारातून एक बैल आणला. स्वस्तात मिळाला, कारण म्हातारा होता. महिन्याभराने मी अड्ड्यावर गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या बैलाचा खांदा आलेला होता. गाडीवान मला काही बोलला नाही. त्याच्या बायकोने उठून पाण्याचा तांब्या पुढे केला. मी ते पाणी प्यायलो आणि बैलाला लेप लावला. त्यानंतर मी कोणाला कायद्याची भीती घातली नाही, आणि कायदा काय म्हणतो ते वाचायचंही टाळत राहिलो.

म्हणून मसुदा आला तेव्हा तो नुसता चाळून चालणार नव्हतं.

भाची दोन दिवसांसाठी घरी आली. आम्ही ओसरीवर बसून आधी जुना कायदा वाचला. तो कसा झाला हे तिने सांगितलं. इंग्रजांचा १८९० चा कायदा होता, त्यात फार थोड्या गोष्टी बसत. भरतनाट्यम् मंचावर आणणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत नामनियुक्त सदस्य होत्या. त्यांनी १९५० च्या दशकात खासगी विधेयक आणलं, नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिल्यावर ते मागे घेतलं आणि १९६० मध्ये सरकारचा कायदा आला. तेव्हाचे पन्नास रुपये ही गाडीवानाला जड जाणारी रक्कम होती. बासष्ट वर्षं तो आकडा तसाच राहिला. जास्त ओझं लादणं हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस आपल्या अधिकारात पुढे जाऊ शकत नाहीत. शिवाय घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखलच होत नाही. ऊसतोडीचा हंगाम पाच महिन्यांचा असतो.

मग तिने १९६५ चे नियम काढले. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते मी एकदाही पूर्ण वाचलेले नव्हते. त्यात तक्ता आहे. बैल लहान, मध्यम की मोठा, चाकाला बेअरिंग आहेत की हवेचा टायर की नुसती लोखंडी धाव, त्यावर ओझ्याची मर्यादा. साडेतीनशे किलोपेक्षा मोठ्या बैलांची जोडी आणि बेअरिंगची दोनचाकी गाडी असली तर जास्तीत जास्त १८०० किलो. टायरची, पण बेअरिंग नसलेली असेल तर १३५०. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जू नाही. संशय आला तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस गाडी वजनकाट्यावर न्यायला लावू शकतो, असंही त्यात आहे.

तिथे मी थांबलो. उसाची गाडी काट्यावर न्यायला कोणी लावायची गरजच नाही. ती रोज काट्यावरच जाते. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ ऊस, तारीख, वेळ, गाडीचा नंबर, सगळं छापून येतं. त्याच पावतीवर गाडीवानाचं आणि मुकादमाचं बिल निघतं, त्यावरच शेतकऱ्याचं. मी लगेच अड्ड्यावर गेलो आणि ओळखीच्या गाडीवानाकडून आदल्या दिवशीची पावती मागून घेतली. निव्वळ वजन २ टन ८४० किलो. म्हणजे सगळी सूट कारखान्याच्या बाजूने धरली तरी मर्यादेपेक्षा एक टनाहून जास्त. नियमाचा भंग रोज, दर खेपेला, शिक्क्यासह लिहून ठेवला जात होता आणि तो कागद कोणी त्या नजरेने वाचत नव्हतं. मीही नाही.

आता नवा मसुदा. त्यात चांगलं होतं आणि मी ते मनापासून चांगलं म्हणतो. प्राण्याच्या पाच स्वातंत्र्यांची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली होती: भूक-तहानेपासून, त्रासापासून, दुखणं-इजा-रोगापासून, भीतीपासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. अतिशय गंभीर क्रौर्य असा वेगळा गुन्हा केला होता. ज्या कृत्याने प्राण्याला पराकोटीच्या वेदना होऊन आजन्म अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो, त्याला ५०,००० ते ७५,००० रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही. प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता. या शेवटच्या गोष्टीची प्रकरणं मी नोकरीत पाहिली आहेत, आणि पन्नास रुपयांचा आकडा त्या वेळी किती लाज आणणारा वाटे हे मला माहीत आहे.

पण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे २००८ चा तो गाडीवान होता. उतारावर जादा भरलेली गाडी अंगावर येऊन बैलाचा पाय मोडला, तर हे शब्द कोणाला लागू होतील? कासरा ज्याच्या हातात, त्याला.

भाचीने महत्त्वाची कलमं मराठीत उतरवून दिली. चार डिसेंबरच्या रविवारी संध्याकाळी मी ती अड्ड्यावर वाचून दाखवली. कोप्यांच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत तीसेक माणसं बसली होती. बहुतेक पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, पाथर्डी भागातली. बाया चुलीपाशी, पण कान इकडे. पंच्याहत्तर हजारांचा आकडा ऐकल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. एका जोडप्याची हंगामाची उचलच त्याच्या आसपास.

ज्याला सगळे मामा म्हणतात, त्या पाटोद्याकडच्या वयस्क गाडीवानाने विचारलं, "डॉक्टर, मी कमी भरीन हो. पन मग खेप कितीची?"

त्याने जे समजावलं ते कोणत्याही कायद्याच्या टिपणात मला सापडलं नसतं. पहाटे तीनला उठून फडात जायचं. दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. संध्याकाळी कारखान्यावर. तिथे गाड्यांची रांग. काटा होऊन गव्हाणीत ऊस टाकेपर्यंत कधी रात्रीचे बारा, कधी पहाट. म्हणजे दिवसाला एकच खेप. मजुरी टनावर. एकच खेप आणि टनावर मजुरी, मग गाडीत मावेल तेवढं भरण्याशिवाय माणूस काय करील? बैल तेवढा वेळ रांगेत जुंपलेलाच उभा राहतो, कारण रांग केव्हा पुढे सरकेल ते कळत नाही आणि सरकली तेव्हा गाडी हलली नाही तर नंबर जातो. मी इतकी वर्षं ओझ्याकडेच बघत होतो. खांद्यावरच्या जुवाचे तास मी कधी मोजले नव्हते.

मी म्हणालो, "मजुरी टनावर न देता खेपेवर दिली तर? ठरलेलं वजन, ठरलेले पैसे."

मामा म्हणाला, "मंग ते दोन खेपा मागतील. बैल तितकाच मरनार."

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्याची सून म्हणाली, "डॉक्टर, बैलावर किती लादायचं त्याचा कागद हाये. आमच्या डोक्यावर मोळी किती किलोची, त्याचा कागद कुठंय?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मी तिचं वाक्य वहीत लिहून घेतलं. पशुकल्याणाच्या मसुद्यावरच्या सूचनांत ते कुठे बसवायचं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण ते बाहेर ठेवून मी एक ओळ लिहू शकणार नव्हतो.

सोमवारी तालुक्याला एक बैठक होती. शेतकरी कार्यकर्त्यांनी बोलावलेली, आणि पुण्याहून प्राणीमित्रांचे तिघे-चौघे आले होते. इतकी कडाक्याची आणि इतकी प्रामाणिक चर्चा मी फार वर्षांत ऐकली नव्हती. दोन्हीकडची माणसं चिडली होती आणि दोन्हीकडच्या चिडीला कारण होतं.

पुण्याची एक तरुण मुलगी बोलली. ती जखमी जनावरं सोडवण्याचं काम करते. तिचं म्हणणं असं, की गुन्हा दखलपात्र केल्याशिवाय काही हलणार नाही. तक्रार घेऊन गेलं की ठाण्यात विचारतात, पन्नास रुपयांसाठी कशाला आलात? कायदाच जर प्राण्याच्या वेदनेची किंमत पन्नास रुपये ठरवतो, तर बाकीच्यांनी ती जास्त का धरावी? तिच्या बोलण्यात तळमळ होती आणि माझ्या मते मुद्दा अचूक होता.

एक शेतकरी उठले. म्हणाले, दखलपात्र केलंत की प्रत्येक नाक्यावर गाडी अडणार. अडवणारा पोलीसच असेल असंही नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. तेव्हापासून थकलेला बैल विकता येत नाही, दावणीला ठेवला तर पोसता येत नाही, बाजाराला नेला तर रस्त्यात माणसं अडवतात. पाच स्वातंत्र्यं आम्हाला मान्य आहेत, पण म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीला कोण पैसे देणार ते मसुद्यात कुठे आहे? यावर पुण्याच्या मंडळींनी पांजरपोळांचं नाव घेतलं. त्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, तालुक्यात पांजरपोळ किती आणि जागा किती. त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

शर्यतीचे शौकीनही आले होते. त्यांना भीती होती की हा मसुदा म्हणजे मागच्या दाराने शर्यतबंदी. त्यांची भीती पोटातून आलेली होती. २०११ मध्ये केंद्राने बैलाला प्रदर्शन आणि खेळावर बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या, २०१७ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडकली आणि १६ डिसेंबर २०२१ ला कुठे अटींवर परवानगी मिळाली. त्या दिवशी बैठकीत बसलो होतो तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे यावरच सुनावणी चालू होती. मला शर्यतीचं प्रेम नाही. शेपूट पिरगाळलेले, पराणीने टोचलेले बैल मी शिवले आहेत. पण शर्यतीचा बैल वर्षभर खुराक खातो आणि त्याच्या खांद्यावर तीन टन ऊस नसतो, हे त्यांनी म्हटलं आणि ते मला मान्य करावं लागलं.

तेव्हाच माझ्या मनात एक गोष्ट जुळली आणि मी उठून ती बोललो. २०१७ च्या राज्याच्या दुरुस्तीत शर्यतीच्या बैलाला इजा केली किंवा अटी मोडल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. त्याच मैदानाशेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाडीच्या बैलाला इजा झाली तर पन्नास रुपये. जात तीच, खिल्लार. कदाचित एकाच गायीची दोन वासरं. एकासाठी विधिमंडळ बसलं, दिल्लीत घटनापीठ बसलं. दुसऱ्यासाठी आपण या खोलीत तरी बसू या. मी एवढं बोलून खाली बसलो, हात थरथरत होते. भाषण करायची मला सवय नाही.

कारखान्याच्या शेती विभागातले एक गृहस्थ मागे उभे होते. ते म्हणाले, गाडी फडात भरली जाते, तिथे आमचा माणूस नसतो. मी पावती वर धरली. म्हणालो, फडात नसतो, पण काट्यावर असतो ना? ते काही बोलले नाहीत, आणि मला त्यांच्यावर रागही धरता आला नाही. तेही पगारी माणूस.

बैठकीनंतर पुण्याच्या मुलीला मी अड्ड्यावर घेऊन गेलो. ती मामाच्या बैलांजवळ बराच वेळ उभी होती. हौशा आणि पाखऱ्या. हौशाच्या खांद्यावर चवलीएवढी जखम होती. तिने मामाला विचारलं, "याला दुखतं हे कळतं ना तुम्हाला?" मला वाटलं आता भांडण होणार. मामाने आपला सदरा खांद्यावरून सरकवला. उजव्या खांद्यावर मोळ्या वाहून वाहून झालेला घट्टा होता. "कळतंय की, बाई," एवढंच म्हणाला. ती मटकन खाली बसली. नंतर तिने इस्लामपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी केलेल्या जोडणीची चौकशी केली. गाडीच्या पुढे जुवाखाली तिसरं चाक लावून खांद्यावरचा भार हलका करायचा, असं ते काम त्या वर्षी बरंच गाजलं होतं. मामाने चाक कसं बसेल, शेताच्या बांधावरून कसं जाईल, हे तिला हातवारे करून सांगितलं. आपलं मत असं, की त्या दोघांना कायदा लिहायला एकत्र बसवलं असतं तर तो आजच्यापेक्षा बरा झाला असता.

खासदारांच्या संपर्क कार्यालयातही जाऊन आलो. स्वीय सहायकांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा विषय अवघड आहे. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला प्राणीमित्र, तिसऱ्या बाजूला कारखाने. कोणी एक जण तरी खूश होईल असं काही असेल तर द्या." मी माझा कागद ठेवून आलो.

त्या कागदासाठी मंगळवारची अख्खी रात्र गेली. भाची टाइप करत होती, मी सांगत होतो, मग ती कायद्याच्या भाषेत बसवत होती आणि मी पुन्हा मोडत होतो. तिचं माझं एकदा जोरात वाजलंही. ती म्हणाली, "मामा, दंड वाढवा असं स्पष्ट लिहा, नाहीतर सूचना पातळ होते." मी म्हणालो, दंड वाढवा, पण कोणाचा ते आधी लिहू.

शेवटी ठरलं ते असं. जादा ओझ्याच्या गुन्ह्यात मालक आणि हाकणारा यांच्याबरोबर माल स्वीकारणाऱ्याला जबाबदार धरावं, आणि वजनाची नोंद ज्याच्या दप्तरी होते त्याने मर्यादा ओलांडलेली गाडी स्वीकारली तर ती नोंदच पुरावा मानावी. जुंपलेलं जनावर ताटकळत ठेवण्याचे तास कामाच्या नऊ तासांत धरावेत. हे मामाकडून मिळालेलं. तपासणीत बैल अयोग्य ठरला तर त्याच्या उपचाराचा खर्च आधी ज्याच्यासाठी तो राबत होता त्याच्याकडून घ्यावा. खटल्याची तीन महिन्यांची मुदत वाढवावी. गंभीर क्रौर्याची शिक्षा राहू द्यावी, पण हेतुपुरस्सर केलेला छळ आणि ओझ्यामुळे झालेली इजा यांत शब्दांनी फरक करावा. १९६५ चा तक्ता प्रत्येक काट्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा.

आणि अगदी शेवटी, भाचीच्या विरोधाला न जुमानता, मी सुनेचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातला. ती म्हणाली, हे या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मला ते माहीत होतं. पण बैलाच्या खांद्यावरचं ओझं जिथून येतं तिथूनच तिच्या डोक्यावरचं येतं, आणि दिल्लीत मसुदा वाचणाऱ्या माणसाला हे एकदा तरी दिसावं असं मला वाटलं. बुधवारी, सात तारखेला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मेल पाठवला.

त्यानंतर कायद्याच्या बाजूने फारसं काही सांगण्यासारखं नाही. १८ मे २०२३ ला घटनापीठाने तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या जल्लीकट्टू आणि शर्यतींबद्दलच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आमच्या भागात फटाके वाजले, गुलाल उधळला. केंद्राचं दुरुस्ती विधेयक मात्र हे लिहीपर्यंत, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरपर्यंत, संसदेत मांडलं गेलेलं नाही. भाची आता सांगलीत वकिली करते. पुण्याच्या मुलीचा अधूनमधून फोन येतो. कारखान्याच्या त्या शेती विभागातल्या गृहस्थांनी मागच्या महिन्यात एक गोष्ट केली. रांगेत बैल सोडून बांधता यावेत म्हणून काट्याच्या अलीकडे दावणीची जागा करून दिली आणि नंबराची चिठ्ठी सुरू केली, म्हणजे बैल सोडले तरी नंबर जात नाही. कोणत्या कलमाखाली केली हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी तिथे चार रात्री नुसता बसून राहिलो, बसलेले, रवंथ करणारे बैल बघत.

मामा यंदाही आला. त्याच्या गावाकडे पाऊस झाला नाही, त्यामुळे लवकर आला. पाखऱ्या आहे. हौशा उन्हाळ्यात गेला, त्याच्या जागी नवा गोऱ्हा आहे, अजून जुवाला पुरता सरावलेला नाही. मी त्याचा खांदा बघत होतो तेव्हा मामाने कोपीतून प्लॅस्टिकची पिशवी आणून माझ्या हातात दिली. आत पावत्या होत्या. मागच्या अख्ख्या हंगामाच्या, तारखेवार, रबर लावून. काहींवर उसाच्या रसाचे डाग, काहींची शाई उडालेली.

"दिल्लीवाल्यानं इचारलं तर दाखवा," म्हणाला. "सुनंनं जपून ठिवल्यात."

रात्री घरी आल्यावर मी वही काढली आणि पहिल्या पावतीपासून वजनं उतरवायला बसलो. १४ नोव्हेंबर, २ टन ६१० किलो. १५ नोव्हेंबर, २ टन ७९० किलो. १६ नोव्हेंबर, २ टन ९३० किलो. सतरा तारखेची पावती नव्हती. त्या जागी वहीच्या पानाचा एक तुकडा होता आणि त्यावर सुनेच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हौशाचा खांदा आला, गाडी जुपली नाही'.